शांततेचा सातबारा कुणाच्या नावावर?

नागपूरच्या सीमेलगतची गावे महापालिकेत घ्यावीत की न घ्यावीत, हा वाद दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यातल्या बोअरवेलसारखा आणखी खोल नेला जातो आणि कोरडाच राहतो. उमरेड रोडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या आमच्या गावात सध्या तो दोन ठिकाणी चालू आहे. ले-आऊटच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर प्लॉटधारक म्हणतात, हवा तेवढा टॅक्स घ्या, पण सांडपाण्याची गडरलाइन द्या, नळ द्या, ग्रामपंचायतीच्या भरवशावर आणखी किती वर्षे काढायची? हनुमान मंदिराच्या पारावर जुने गावकरी म्हणतात, शहर आले की शांतता गेली, आमचे गाव आम्हाला राहू द्या. दोन्हीकडे माझी ऊठबस आहे आणि दोन्हीकडचे बोलणे ऐकून मला सारखाच वैताग येतो. टपरीवरच्यांना वाटते, शांतता आपण प्लॉटबरोबर विकत घेतली, रजिस्ट्रीत तिचेही पैसे मोजले. पारावरच्यांना वाटते, ती वाडवडिलांनी ठेवून दिलेली आहे. विकत घेतलेली असो की वारशाने आलेली, तिला राखायला कुणाला तरी रोज काही करावे लागते, ही गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आमच्यासारखी गावे आज महापालिकेत जाऊ नयेत. गाव पवित्र आणि शहर नासलेले, असे मला अजिबात वाटत नाही. मी नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या एका बोळात वाढलो आणि त्या बोळाचे माझ्यावर उपकारच आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. गावची शांतता निर्णयांतून तयार होते. ढोरे कोणत्या वाटेने जातील, नाल्यात मलबा कोण टाकणार नाही, लग्नाच्या लॉनला वस्तीपासून किती अंतरावर ना-हरकत मिळेल, असे ते साधे, कंटाळवाणे निर्णय असतात. ते जिथे घेता येतात ती जागा ग्रामसभा आहे, आणि तिथे अर्धे गाव कधी फिरकलेलेच नाही. हे अर्धे गाव म्हणजे आम्ही, ले-आऊटमधले. कधी न वापरलेली विळी धार नाही म्हणून भंगारात घालावी, तसा आमचा विलीनीकरणाचा आग्रह आहे.

ही शांतता म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहायला हवे. सकाळी सहाच्या सुमारास गावातली ढोरे आखरावर जमतात. आखर म्हणजे गावाच्या कडेची मोकळी, सामायिक जागा. तिथून गुराखी त्यांना पांदण रस्त्याने झुडपी रानाकडे नेतो. ढोरांची वाट ठरलेली असल्यामुळे ती वस्तीतून, कुणाच्या फाटकासमोरून जात नाहीत. पावसाचे पाणी दोन नाल्यांनी तलावात उतरते आणि नाले मोकळे असल्यामुळे कुणाच्या घरात शिरत नाही. रात्री नऊनंतर कुत्री आणि बेडूक सोडले तर आवाज नसतो, कारण गावातून कुठे पुढे जाणारा रस्ताच नाही. यातले काहीही आपोआप घडलेले नाही. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन दस्तऐवज असतात. मध्यप्रांताच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही कायम राहिली. चराई कुठे, जळाऊ लाकूड कुठून, ढोरांना पाणी कुठे, मेलेल्या जनावराची विल्हेवाट कुठे, कुणाच्या शेतातून कुणाला वाट, हे सगळे त्यांत लिहिलेले असते. आमच्या गावचा वाजिब-उल-अर्ज मी एकदा मागून पाहिला. पिवळ्या, कडा झडलेल्या कागदावर मोडी वळणाच्या अक्षरात तलावाच्या सांडव्याची वाट नोंदलेली होती. त्या वाटेवर आज आमच्या ले-आऊटचा बगीचा आहे, आणि दर पावसाळ्यात तो बगीचा गुडघाभर पाण्यात का असतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

ही व्यवस्था रम्य होती, असे भासवण्याचा माझा विचार नाही. तिच्या डोक्यावर मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनमालक, बसलेला होता, तो वेठ घेत होता आणि तलावाच्या दुरुस्तीला गावातले कोणते हात लागणार, हे त्याच्या वाड्यात ठरत होते. १९५० च्या कायद्याने त्याचे मालकी हक्क संपवले, ते योग्यच झाले. पण पूर्व विदर्भातल्या हजारो माजी मालगुजारी तलावांचे, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो त्यांचे, पुढे काय झाले? मालकी सरकारकडे गेली, पण गाळ काढण्याची, पाळ बांधण्याची, सांडवा साफ ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकीबरोबर पोचली नाही. गावाने म्हटले, तलाव आता सरकारचा. सरकारी खात्याने म्हटले, एवढ्या तलावांना आम्ही कुठे पुरणार? जुलमी माणूस गेला, त्याच्याबरोबर तलावावर येणारी माणसेही गेली आणि तलाव गाळाने भरत राहिले. अधिकार वर सरकवले की काम आपोआप त्यांच्या मागे जाते, ही समजूत आपल्या भागाला एकदा इतकी महाग पडली असताना पुन्हा तीच समजूत उराशी धरून आपण महापालिकेच्या दारात का उभे राहावे?

टपरीवरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा सांडपाण्याचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दोनशे घरांच्या गावात दोनशे शोषखड्डे चालून जातात. त्याच शिवारात दोन हजार घरे झाली की जमिनीला ते पेलत नाही. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा दगड. सेप्टिक टँकमधले पाणी मुरुमातून वाट काढत विहिरीला लागते. आमच्या शेजारच्या काकूंनी विहिरीचे पाणी पिणे सोडले त्याला सहा वर्षे झाली; आता त्यांच्या ओट्यावर वीस लिटरचा निळा कॅन असतो आणि विहिरीवर जाळी. ग्रामपंचायतीकडे अभियंता नाही, अग्निशमनाचा बंब नाही, आणि जो एक ग्रामसेवक आहे, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, त्याच्याकडे शेजारच्या गावाचाही कारभार आहे. शिवाय ग्रामपंचायती साधुसंतांनी भरलेल्या नाहीत. शेतीच्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून पाडलेल्या कित्येक ले-आऊटमध्ये घर बांधायला ना-हरकत कुणी दिली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एवढे सगळे कबूल केल्यावर प्रश्न उरतो तो असा की, महापालिकेत गेल्याने हे दुखणे बरे होते, याला पुरावा काय?

पुरावा शोधायला लांब जायला नको. नागपूरकरांना ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे सांगितले की पुढचे वेगळे समजवावे लागत नाही. गुंठेवारीत नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत ले-आऊटच्या संख्यांवरून ती नावेच पडली आहेत. ही ले-आऊट शहराच्या हद्दीत उगवली. १९३६ च्या कायद्याने जन्मलेले, शहराचा विकास पाहणारे नागपूर सुधार प्रन्यास होते, १९५१ पासून महानगरपालिका होती, दोघांकडे अभियंते होते, नकाशे होते. प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, म्हणजे आर.एल., मिळवण्यासाठी चपला झिजवलेल्या पिढ्या या शहरात आहेत. मग अनधिकृत बांधकाम हा ग्रामपंचायत नावाच्या संस्थेचा जन्मजात रोग आहे, असे कसे म्हणावे? हुडकेश्वर आणि नरसाळा गेल्या दशकात महापालिकेत आले. तिथल्या लोकांना विचारा, शहराच्या नकाशात नाव आल्यानंतर किती उन्हाळे टँकरच्या मागे बादल्या घेऊन पळावे लागले. आणि भांडेवाडी? ती तर शहराच्या पोटातच आहे. शहराने तिला काय दिले, तर अख्ख्या नागपूरचा कचरा. कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की पूर्व नागपूरच्या वस्त्यांत खिडक्या लावून घ्याव्या लागतात. विलीन होणे म्हणजे शहराच्या सोयींत वाटा मिळणे, एवढेच आपण धरून चालतो. शहराच्या गैरसोयी कुठे ठेवायच्या, याच्या यादीतही आपले नाव लागते, हे विसरतो.

राज्यात इतरत्र काय झाले तेही पाहू. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. पुण्याने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेतली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. योगायोग असा की पुण्याचा कचरा डेपो वर्षानुवर्षे तिथेच. वसई-विरारची महापालिका २००९ मध्ये झाली तेव्हा २९ गावांनी बाहेर राहण्यासाठी रस्त्यावरची लढाई केली. ही गावे काही वेडी नव्हती. हद्दीची रेघ मंत्रालयातून मागेपुढे सरकते आणि रेघेखालचा माणूस दर वेळी नव्या खिडकीपुढे जुना अर्ज घेऊन उभा राहतो, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

आता थोडे गणित. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि नगरसेवक १५१. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे १६ हजार माणसे. तीही चार-चार सदस्यांच्या प्रभागात, जिथे चेंबर तुंबले तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा, हे मतदाराला ठरवता येत नाही आणि चौघांनाही ते सोयीचे असते. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात आणि एका सदस्यामागे काहीशे माणसे. आमच्या वॉर्डाची मेंबर रोज सकाळी माझ्या फाटकासमोरून दुधाची बरणी घेऊन जाते. मला चुकवायचे असेल तर तिला दुसरा रस्ता नाही. शिवाय मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्याच काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, नागपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि सरपंच थेट लोकांनी निवडले. ज्या संस्थेत जाण्यासाठी आम्ही उतावीळ झालो आहोत, तिच्या स्वतःच्या रहिवाशांना तेव्हा विचारायला कुणी नगरसेवक नव्हता. जिल्हा परिषदांवरही प्रशासक आले, हे खरे आहे. पण त्यामुळे तळाशी शिल्लक राहिलेली निवडलेली संस्था जपण्याची निकड वाढते की कमी होते?

इथे एक आक्षेप असा आहे की त्याच्यापुढे मला नेहमी थांबावे लागते, आणि नागपुरात राहणाऱ्याने तर थांबायलाच हवे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाविषयीच्या कौतुकाचा जो समाचार घेतला, तो आजही लागू आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, हे त्यांचे म्हणणे पुस्तकातून आलेले नव्हते. ज्या शांततेचे आम्ही ले-आऊटमधले गोडवे गातो, ती शांतता कुणाच्या तरी गप्प बसण्यातूनही आलेली असते. गावाच्या ठरावीक दिशेला ठरावीक वस्ती असते, आणि वाजिब-उल-अर्जात मेलेल्या ढोराची जागा जशी नोंदलेली असते, तसे ते ढोर कुणी ओढायचे हे न नोंदताही सगळ्यांना माहीत असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आलेल्या लाखोंपैकी कितीतरी जण अशाच गावांतून चालत आले होते. त्यांच्या नातवंडांना शहर हवे असेल, शहरातले अनोळखीपण हवे असेल, तर त्यांना पारावरच्या शांततेची महती कोणत्या तोंडाने सांगायची?

त्यांना ती सांगूच नये, असे मला वाटते. पण सत्तेचा हिशेब मात्र त्यांच्याच बाजूने मांडून पाहावा. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाल्यापासून गावात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव झाल्या, सरपंचपदही आरक्षणाच्या फेऱ्यात आले, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. आमच्या गावात ज्या वस्तीतल्या माणसाला पूर्वी चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, त्या वस्तीतली बाई पाच वर्षे सरपंच होती. तिला काम करू दिले गेले नाही, उपसरपंचाने सह्यांपुरते वापरायचा प्रयत्न केला, हे सगळे झाले. तरीही तिच्या वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला तो त्याच पाच वर्षांत, कारण विषय मांडणारी ती होती आणि ‘माझ्या मोहल्ल्याचं काहून राहून जातं?’ हा तिचा प्रश्न ग्रामसभेच्या रजिस्टरात लिहावा लागला. साठ हजारांच्या प्रभागात तिच्या शंभर घरांचे वजन किती? आरक्षण तिथेही आहे, पण निवडून येणारी व्यक्ती या गावची असण्याची शक्यता जवळपास नाही. बाबासाहेबांचा विरोध गावातल्या उतरंडीला होता. ती उतरंड मोडण्याची सत्तेची पहिली पायरी हाताला लागत असताना तीच काढून घेणे हा त्याला उपाय नव्हे.

शहराच्या बाजूने आणखी एक तक्रार ऐकू येते, की गावे शहराच्या दवाखान्यांवर, कॉलेजांवर, रस्त्यांवर जगतात आणि कर मात्र देत नाहीत. तक्रार खोटी नाही. फक्त वही दोन्ही बाजूंनी लिहावी. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची वीज सगळे राज्य वापरते; राख मात्र आसपासच्या गावांच्या शिवारात साठते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राख नदीत उतरली, तेव्हा शहराच्या पाण्याला धक्का लागला म्हणून बातमी मोठी झाली. त्या शेतांची बातमी आतल्या पानावर. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासाठी शिवणगाव, तेल्हारा, कलकुहीच्या जमिनी गेल्या. आता हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे सुमारे ६९२ हेक्टरवर ‘नवीन नागपूर’ होणार आहे. महसुली कागदात ‘रिठी’ म्हणजे वस्ती उठून गेलेले गाव. नकाशावर ते रिकामे दिसते. पण तिथे राहत कुणी नसले तरी कसणारे होते, चारणारे होते. ज्यांच्या जमिनीवर शहर वाढते त्यांना फुकटे म्हणण्याआधी हा जमाखर्च पाहायला हरकत नसावी.

तसे पाहिले तर हे शहरच मुळात गावांचे गाठोडे आहे. १७०२ च्या सुमारास बख्त बुलंद शाहने राजापूर बारसा या नावाने ओळखली जाणारी बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले. सक्करदरा, सीताबर्डी, फुटाळा, लेंढरा ही आजची गजबजलेली नावे त्या खेड्यांची आहेत. म्हणजे खेड्याने शहरात मिसळू नये, असा काही सनातन नियम नाही आणि माझा तसा दावाही नाही. पण त्या बारा खेड्यांचे नाले, तलाव आणि पाण्याच्या वाटा आपण पुढे कशा सांभाळल्या? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. नदीला नाला म्हणायची सवय लागली की पात्रात भिंत बांधताना हात कचरत नाही. आमच्या गावात अजून तो नाला नालाच आहे आणि त्यावर अजून स्लॅब पडलेला नाही.

मधला मार्ग म्हणून नगरपंचायतीचे नाव निघते. बेसा-पिपळ्याला ती झालीही. घटनेच्या कलम २४३-क्यू मध्ये ग्रामीणकडून नागरी होत जाणाऱ्या क्षेत्रासाठी तीच तरतूद आहे, आणि लोकसंख्या खरोखर वीस-तीस हजारांवर गेली की तिच्याशिवाय इलाज नाही, हे मान्य. पण एक तपशील बोलला जात नाही. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. प्रभाग समित्यांची सक्ती घटनेने केली आहे ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे शहरी मतदारांची ग्रामसभा, आणली खरी. क्षेत्रसभेला जाऊन आलेला नागपूरकर मला अजून भेटायचा आहे. म्हणजे ज्या दिवशी पाटी बदलते, त्या दिवशी सामान्य मतदाराला उभे राहून ‘हा खर्च कशाचा?’ असे विचारण्याचा कायदेशीर हक्क जातो. गडरलाइन नंतर केव्हातरी येते, हक्क मात्र त्याच दिवशी जातो.

आता आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बोट वळवतो. मी या गावात अकरा वर्षे राहतो आणि मतदान करायला महालात जातो. आमच्या ले-आऊटमध्ये एकशे ऐंशी घरे. त्यांतल्या जेमतेम तीस घरांची नावे गावच्या मतदार यादीत असतील. आम्ही घरटॅक्स ग्रामपंचायतीला भरतो, बांधकामाची परवानगी आणि विकास शुल्क महानगर प्राधिकरणाच्या खिडकीवर, जिथला आयुक्त शासनाने नेमलेला असतो आणि ज्याच्या अखत्यारीत सातशेहून अधिक गावे आहेत, आणि मत तिसरीकडेच. मग आमचे कुणी ऐकत नाही म्हणून आम्ही रागावतो. पैशाचेही तसेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२६ पर्यंतच्या निधीच्या वाटपात मुख्य वजन २०११ च्या लोकसंख्येला होते आणि त्यातला मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता. आमचे ले-आऊट २०११ मध्ये धानाचे बांध होते. त्यामुळे निधी जुन्या गावाच्या डोक्यांचा, आणि सांडपाणी आम्हा सगळ्यांचे. जनगणना आता २०२७ मध्ये होणार आहे. तेव्हा प्रगणक दारात येईल त्या दिवशी आम्ही इथले असू की ‘मूळचे नागपूरचे’?

दोन वर्षांपूर्वी गावाच्या कडेला एक लॉन सुरू झाले. लग्नसराईत डी.जे.चा ठोका इतका की कपाटातल्या ताटल्या वाजतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. आम्ही ते नियम मोबाइलवर वाचून एकमेकांना पाठवतो, पोलिसांना फोन लावतो, गाडी येते, आवाज अर्धा तास कमी होतो. या लॉनला ना-हरकत मिळाली कशी, हे शोधायला मी रजिस्टर पाहिले. रीतसर ठराव होता. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. सह्या मोजल्या तर शंभराला चार जास्त होत्या, आणि शाळेच्या व्हरांड्यात त्या दिवशी पंचवीस-तीस माणसे होती, असे तिथे हजर असलेला दूधवाला सांगतो. ‘तुमच्यातलं एक जरी माणूस आलं असतं न भाऊ, तर विषय पुढे ढकलला असता,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच जास्त लागले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, हद्द जिथे आहे तिथे राहू द्यावी आणि हद्दीच्या आतली मतदार यादी दुरुस्त करावी. गडरलाइन, सांडपाण्याचे शुद्धीकरण, अग्निशमन ही कामे एकेका गावाच्या आवाक्यातली नाहीत. ती महानगराच्या पातळीवर करावीत आणि त्यासाठी लागणारा कर गावाने कुरकुर न करता द्यावा. घटनेच्या कलम २४३-झेडई मध्ये महानगर नियोजन समितीची तरतूद आहे आणि तिच्यातले किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. सरपंचाला शहराच्या नकाशावर बोलायची जागा घटनेने दिली आहे; विलीनीकरणाच्या सभांना जमणाऱ्या गर्दीच्या निम्म्याने जरी त्या समितीच्या बैठका मागितल्या असत्या, तर चर्चा कुठल्या कुठे गेली असती. उरलेले, म्हणजे आखर, पांदण, नाले, लॉन, तलाव, यांचे निर्णय शाळेच्या व्हरांड्यातच व्हावेत. विदर्भातल्या ८६ हजारांहून अधिक हेक्टर झुडपी जंगलाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वनाचा दर्जा असल्याचे स्पष्ट केले. सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश त्याच न्यायालयाने २०११ मध्येच दिले होते. पण झुडपाच्या कडेला पहिला हायवा ट्रक मुरूम टाकून जातो तेव्हा तिथे न्यायालय हजर नसते.

मागच्या महिन्यात मी मतदार यादीतले नाव इकडे हलवण्यासाठी नमुना ८ भरला. पडताळणीला गावातल्या अंगणवाडीच्या बाई आल्या. त्यांनी वीजबिल पाहिले, पत्ता पाहिला आणि विचारले, ‘सर, तुम्ही इथंच राहून राह्यले न इतक्या वर्षांपासून? मग आताच काहून?’ मी चहा विचारून वेळ मारून नेली. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे आणि विषयपत्रिका शाळेच्या फळ्याजवळ लागली आहे. चौथा विषय आखराच्या जागेतून आमच्या ले-आऊटला बारा मीटरचा पोचरस्ता देण्याबाबतचा आहे. अर्ज तीन वर्षांपूर्वीचा, आमच्याच सोसायटीचा, आणि खालच्या सह्यांत सातवी सही माझी आहे. ती मागे घ्यायची तर व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांसमोर सांगावे लागेल.